दिवाणजींची पालखी आणि मूठभर ज्वारी

दिवाणजींची पालखी घाट चढत होती. भोयांचा म्होरक्या येसाजी चालता चालता म्हणाला, “सरकार, दरबारातल्या सगळ्यांच्या पगारातून मूठभर ज्वारी कापून कणगीत ठेवा. ज्याच्या घरी बाळंतपण, आजारपण असेल, त्याला घरबसल्या पगार मिळेल.”

आत रेललेले दिवाणजी कडाडले, “दुसऱ्याच्या पोरापायी माझा पगार कापू? ज्याचं ओझं त्यानंच वाहावं!”

“जशी आज्ञा!” येसाजीने भर चढणीवर पालखी खाली ठेवली.

“अरे, हे काय?”

“सरकार, आमच्यातल्या धोंडू भोयाला आज मुलगी झाली. तो घरी आहे. त्याच्या वाट्याचं ओझं सकाळपासून आम्हीच वाहत होतो. आता ते इथंच ठेवलंय. बारसं उरकलं की येईल तो.”

दिवाणजींनी डोक्यावरचं ऊन बघितलं, उरलेला घाट बघितला.

“पहिली मूठ माझ्या पगारातली काप,” ते पुटपुटले. “पण आता उचल, बाबा!”