मुठीवरची मुनिया

पूर्वी मद्र देशातल्या शाकल नगरात दृढधन्वा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वही त्याच नगरात माणसाच्या जन्माला आला होता.

त्या नगरात राजाच्या लेखशाळेत पालित नावाचा एक लेखनिक होता. अठरा वर्षे तो राजाज्ञा भूर्जपत्रावर उतरवून काढत होता. अक्षर वळणदार होते, चूक कधी होत नसे. त्यामुळे त्याचे नाव कोणाला फारसे ठाऊक नव्हते. लेखशाळेत नाव होई ते चुका करणाऱ्यांचे. महामात्य शतबली दोनदा त्याच्या आसनापाशी थांबले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी त्याला 'अरे, तू' अशीच हाक मारली होती.

पालिताच्या घरामागे लहानशी बाग होती. एक बोर, दोन डाळिंबी आणि मधोमध एक सपाट काळी शिळा. शाकलातला हेमंत कडक. उत्तरेच्या डोंगरांवरून वारा सुटला की पहाटे गवत पांढरे पडे आणि हौदाच्या पाण्यावर पातळ पापुद्रा धरे. त्या दिवसांत किडे नाहीसे होत, गवताचे बी झडून गेलेले असे. तेव्हा म्हातारा माळी पिंगल रोज तांबडे फुटताच आणि पुन्हा संध्याकाळी त्या शिळेवर राळे आणि थोडे तीळ टाकी. कोणी सांगितले होते म्हणून नव्हे. बागेला पाणी घालावे तसे तो दाणे टाकी. सकाळी पालित ओसरीवर घोंगडी पांघरून बसे आणि पाहत राही.

पाहण्यासारखे होतेच. आधी चिमण्या येत, आमंत्रण असो-नसो आपलाच मान पहिला अशा थाटात. मग होले येत; ते खाण्याआधी शिळेभोवती चालून घेत. सातभाई येत ते भांडतच, आणि कशावरून भांडण चालले आहे हे त्यांनाही ठाऊक नसावे, असे पालिताला लेखशाळेतल्या सहकाऱ्यांवरून वाटे. सगळ्यांत शेवटी मुनिया येत, अंगठ्याएवढ्या, थव्याने. इतरांनी सांडलेले दाणे गवतातून वेचत. तो अर्धा प्रहर पालिताच्या दिवसातला सर्वांत सुखाचा असे, कारण त्या वेळी त्याला कोणाकडून काही नको असे.

पुढे एके दिवशी शेजारचा श्रेष्ठी कुंपणावरून डोकावला आणि म्हणाला की पालिताच्या बागेतली पाखरे फारच माणसाळलेली दिसतात. पिंगल तेव्हा विहिरीवर होता. पालिताने मान डोलावली. तेवढेच केले. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळचे दाणे टाकायचे काम त्याने स्वतःकडे घेतले. संध्याकाळी दाणे टाकायचे, ते निवडायचे आणि शिळा घासायचे काम पिंगलाकडेच राहिले.

शेजारी पाहायला येऊ लागले. मग शेजाऱ्यांचे पाहुणे. पालिताची बायको म्हणाली, "पाखरांना तरी तुमचं नाव कळलं म्हणायचं." तिने थट्टेने म्हटले होते, त्याने मनावर घेतले.

याच सुमारास त्याला एक गोष्ट कळली. एका सकाळी तो उशिरा उठला. दाणे घेऊन बाहेर येतो तो पाखरांनी त्याला अक्षरशः घेरले. एक होला खांद्यावर बसला, दोन मुनिया मनगटावर. कुंपणापलीकडे उभे असलेले लोक थक्क झाले. एक बाई तर म्हणाली की हा कोणी पुण्यवान जीव असला पाहिजे. पालित हुशार माणूस होता. पोट भरलेली पाखरे शिळेवर बसतात आणि उपाशी पाखरे माणसावर, हे त्याच्या तेव्हाच ध्यानात आले. लोकांना दोन्हींतला फरक कळत नाही, हेही आले. त्यानंतर पाहुणे यायचे असले की तो दाणे थोडे उशिरा टाकू लागला. थोडेच उशिरा. आणि पाखरे अंगावर आली की म्हणे, "ओळखतात मला."

पिंगलाने एकदा त्याला हटकले. तो म्हणाला, "धनी, रात्र काढण्यात त्यांचं पोटातलं सगळं संपतं. सकाळचा दाणा वेळेवर पोचला तर जीव राहतो. उशिरा पोचला तर तो नुसता दाणा."

पालित म्हणाला की इतकी वर्षे पाखरे पाहतो आहे, त्याला पाखरे शिकवू नयेत. पिंगल शिळा घासायला वळला. माळ्याने एकदा सांगायचे असते, दुसऱ्यांदा सांगितले की तो उद्धटपणा ठरतो.

त्या वर्षी मुख्य लेखनिकाची जागा रिकामी झाली. जागा कोणाला द्यायची ते महामात्यांच्या हातात होते. आणि एके दिवशी महामात्य पालिताच्या आसनापाशी तिसऱ्यांदा थांबले आणि म्हणाले, "पालित, तुझ्या हातावर पाखरं येतात म्हणे. उद्या सूर्योदयाला येतो." पालिताने घरी येईपर्यंत ते वाक्य मनात किती वेळा उतरवून काढले, याला गणती नाही. सगळ्या प्रती बिनचूक होत्या. त्यातला 'पालित' हा शब्द तर फारच वळणदार.

त्या संध्याकाळी शिळेवर दाणे पडले नाहीत. पिंगल सूप घेऊन निघाला होता, त्याला पालिताने परत फिरवले.

सकाळी हिंव पडले होते. बागेत आसने मांडली होती. लेखशाळेतले झाडून सगळे आले होते, त्यांतले निम्मे तरी काही बिघडेल या आशेने. पालित राळ्यांची मूठ आवळून शिळेपाशी उभा राहिला. पाखरे आली. चिमण्या डाळिंबीवर, होले गवतात, मुनिया बोरीच्या खालच्या फांदीवर एकमेकींना चिकटून. शिळा रिकामी पाहून ती इकडेतिकडे सरकली, पण गेली नाहीत.

सूर्य वर आला. महामात्य आले नाहीत. सेवक येऊन सांगून गेला की स्वारी निघतेच आहे. आणखी काही वेळाने दुसरा सेवक आला; अभ्यंग चालू आहे, पण निघाल्यासारखेच आहेत. जमलेले लोक हातावर हात चोळत होते. महामात्य येण्याआधी दाणे टाकावेत असे कोणालाही वाटले नाही, कारण मोठा माणूस आल्याशिवाय काहीही सुरू करायचे नसते, हे त्या सभेतल्या सर्वांना पक्के ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त पाखरांना.

पिंगल मागून हळूच आला. "धनी, आता टाका. ते आले की पुन्हा टाकू."

"पुन्हा टाकले तर अंगावर कशाला येतील?" पालित म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आले. मूठ त्याने उघडली नाही.

तेवढ्यात फांदीवरून एक मुनिया उतरली आणि त्याच्या मुठीवर येऊन बसली. बोटांच्या फटीत तिने दोनदा चोच घातली. दाणा लागला नाही. मग तिने पिसे फुगवली, अंगाचा गोळा केला आणि डोळे मिटले. लोक कुजबुजले. कोणी म्हणाले, झोपली पाहा. पालिताला तिचे नखाएवढे पाय बोटांवर जाणवत होते. ते गार होते.

आणि तेव्हाच महामात्य आले.

दारातूनच त्यांनी ते दृश्य पाहिले आणि बरोबरच्यांना हाताने थांबवले. ते चवड्यांवर चालत जवळ आले. हा माणूस राज्यातल्या कोणासाठी कधी चवड्यांवर चालला नव्हता. पाखरू माणसाच्या मुठीवर निजलेले पाहून त्यांचे डोळे पाणावले. ते हलक्या आवाजात म्हणाले, "ज्याच्या हातावर पाखरू निर्धास्त झोपतं, त्याच्या हातात राज्याची लेखणी द्यायला हरकत नाही. पालित, ती जागा तुझी."

त्याच क्षणी पालिताच्या बोटांवरची पकड सुटली. मुनिया एका बाजूला कलली आणि त्याच्या अंगठ्याला टेकली. त्याने दुसरा हात तिच्याभोवती धरला. लोकांना वाटले, गोंजारतो आहे. आणखी एक कुजबुज उठली.

कोणालाही कळले नव्हते. हात तसाच धरून त्याने घरात जायचे होते, एवढेच. महामात्य निघून गेले असते, मुनिया डाळिंबीच्या बुडाशी पुरता आली असती, आणि पालित जन्मभर मुख्य लेखनिक राहिला असता. हे सगळे त्याला स्पष्ट दिसले. त्याने मान वर केली, तेव्हा पिंगल त्याच्याकडे पाहत नव्हता. म्हातारा खाली शिळेकडे पाहत होता, आपलाच अपराध असावा तसा. पालिताला ते सोसवले नाही. त्याचे कान तापले, चेहरा तापला, त्या हिंवात त्याला घाम फुटला.

तो म्हणाला, "आर्य, ही झोपलेली नाही. मेली आहे."

महामात्यांना नीट ऐकू आले नाही.

"उपाशी मेली. काल संध्याकाळपासून मी दाणे टाकले नाहीत. आपण आलात की पाखरं अंगावर यावीत म्हणून." त्याने मूठ उघडली. राळे घामाने तळहाताला चिकटले होते, ते झटकूनही पडेनात. "इतका वेळ हे माझ्याच हातात होते."

 बागेत अभ्यंगाच्या तेलाचा सुगंध तेवढा दरवळत होता. महामात्यांना राग आला तो पाखरू मेले म्हणून नव्हे. आपले डोळे पाणावलेले इतक्या लोकांनी पाहिले म्हणून. ते एवढेच म्हणाले, "अरे, तू फार बोलतोस," आणि वळले. त्यांच्यामागून आसने रिकामी होत गेली.

पिंगलाने सूप आणून शिळेवर दाणे ओतले. पाखरे उतरली. पालिताला वाटले होते की निदान आज तरी ती त्याच्यापासून दूर राहतील. तीही शिक्षा त्याला मिळाली नाही. एक होला त्याच्या पायाजवळून चालत गेला. मुनिया आल्या, नेहमीसारख्या शेवटी, आणि त्याच्या तळहाताला चिकटलेले दाणेसुद्धा त्यांनी एकेक करून टिपून नेले. तो हात लांब करून उभा राहिला आणि रडला.

पुढे तो जन्मभर साधा लेखनिकच राहिला. तांबडे फुटण्याआधी तो शिळेवर दाणे ठेवी आणि घरात जाई. पाहायला कधी कोणाला बोलावले नाही. ओसरीवरही बसत नसे. दाराच्या फटीतून पाही, तेही पाखरे आली आहेत एवढी खात्री करण्यापुरते.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात सुभूमक नावाच्या भिक्षूला उद्देशून सांगितली. एक दानी गृहस्थ यायचा म्हणून सुभूमकाने थंडीच्या सकाळी आजारी भिक्षूंची पेज अडवून धरली होती, आणि त्यांतला एक जण मूर्च्छा येऊन पडला होता. तेव्हापासून सुभूमक तोंड लपवून बसला होता. चीवर उतरवून निघून जातो म्हणत होता. कथा संपल्यावर तो खाली मान घालूनच म्हणाला, "भंते, तो पालित मी असणार. आणि वेळेवर सांगणारा माळी आपण."

 शास्ता म्हणाले, "नाही, सुभूमका. महामात्य म्हणजे आजचा तो दानी गृहस्थ. माळी तू होतास. तू मला दोनदा सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. मूठ माझी होती."

सुभूमकाने मान वर केली. शास्ता पुढे म्हणाले, "त्या मुनियेचे पाय किती गार होते, ते मला अजून आठवतं. त्या सकाळी मला लाज वाटली नसती, तर पुढचा एकही जन्म या वाटेला लागला नसता. लाज वाटली म्हणून निघून जायचं नसतं. ऊठ, पेज गार होते आहे."

सुभूमक उठला आणि पेज वाढायला गेला. या जन्मात बोधिसत्त्वाने जोडला तो गुण लज्जेचा.