क्लीन नको

“मग चूक वापरणाऱ्याचीच ना, बुवा?”

कौस्तुभने दुसऱ्यांदा विचारलं. विसूबुवा समईला चिंच चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विसूबुवा पूर्वी पॉलिटेक्निकमध्ये प्रोग्रॅमिंग शिकवायचे. बायको गेल्यावर नोकरी सोडून गिरणा नदीकाठच्या या मठात येऊन राहिले. जुने विद्यार्थी अजून त्यांना शोधत येतात. बहुतेकांना उत्तर नको असतं, होकार हवा असतो. कौस्तुभ त्यातलाच.

त्याने एक टूल बनवलं होतं. काय हवं ते थोडक्यात सांगितलं की ते उरलेला कोड आपोआप लिहून द्यायचं. कंपनीत त्याचं नाव झालं होतं, आणि ते नाव डोक्यात गेलं होतं. हे ओळखायला ज्योतिषी नको.

“काय झालं, ते सांग,” बुवा म्हणाले.

“शर्वाणी म्हणून एक मुलगी आहे, नवीन. तिने टूल चालवलं. हाताने लिहिलेलं सगळं काम तिने त्याच फोल्डरमध्ये ठेवलं होतं. टूलने आधी फोल्डर रिकामा केला, मग नवा कोड लिहिला.”

“तिचं काम?”

“गेलं. कित्येक महिन्यांचं.”

“दुसरी प्रत?”

“तीही त्याच फोल्डरमध्ये.”

बुवांचा हात थांबला.  कौस्तुभ मात्र त्याच सुरात बोलत राहिला.

“तिला काढून टाकतायत, बुवा. आज मीटिंग आहे. साहेब मला फोन करून एवढंच विचारणार, टूल चुकलं की मुलगी.”

“तू काय सांगणार?”

“टूल कसं चुकेल? ऑप्शन दिलाय मी. क्लीन नावाचा. फोल्डर रिकामा व्हायला नको असेल तर नको म्हणायचं. माणसाने माहिती वाचायला नको?”

“वाच बघू.”

कौस्तुभने लॅपटॉप उघडला.

“क्लीन. क्लीन करायचं की नाही, ते या ऑप्शनने ठरतं.”

“पुढे?”

“एवढंच.”

“काहीच सांगितलं नाही, तर?”

“तर करतं क्लीन. नव्या माणसाला सगळं नीटनेटकं मिळावं, म्हणून मीच तसं ठेवलंय.”

“हे कुठे लिहिलंय?”

“कोडमध्ये आहे की. उघडून बघायचं.”

उंबऱ्यावरचं मांजर उठून बाहेर गेलं. या उत्तराला कंटाळून गेलं असं मी म्हणणार होतो, पण त्याचं दूध संपलं होतं.

बुवांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि कौस्तुभच्या शेजारी येऊन बसले.

“या लॅपटॉपवर तुझं स्वतःचं काम आहे?”

“सगळंच आहे, एका फोल्डरमध्ये.”

“चालव तुझं टूल. त्याच फोल्डरवर.”

कौस्तुभ खूश झाला. आता कौतुक होणार, असं त्याला वाटलं. त्याची बोटं भराभर चालली. पडद्याकडे न बघताच तो बुवांना टूल किती वेगवान आहे ते सांगत होता. आज्ञेची ओळ लिहून झाली. तो एंटर दाबणार, इतक्यात बुवांनी त्याचं मनगट धरलं.

“शेवटी काय लिहिलंस?”

कौस्तुभने पडद्याकडे पाहिलं.

“क्लीन नको.”

“का?”

“सवय आहे. मी नेहमीच लिहितो.”

“नेहमी?”

“पहिल्यापासून. नाही लिहिलं, तर माझं सगळं...”

वाक्य तिथेच अडकलं.

 आपण बनवलेलं टूल आपण कधीच, एकदाही, दुसऱ्याला देतो तसं चालवलेलं नाही... हे त्याला आत्ता कळत होतं. त्याचा स्वतःवर विश्वास बसेना.

“तेवढं खोड,” बुवा म्हणाले.

त्याने खोडलं.

“आता दाब.”

बोट एंटरपाशी गेलं आणि मागे आलं. बाहेर कुणीतरी विहिरीवर बादली सोडली, त्या आवाजानेही तो दचकला.

“माझ्याच्याने नाही होणार, बुवा.”

“तिने दाबलं.”

...

फोन वाजला. साहेबांचं नाव दिसत होतं. सांगायचं वाक्य कौस्तुभने एसटीत बसून घोटून ठेवलं होतं. त्यातला एकही शब्द आठवेना. त्याने बुवांकडे पाहिलं, शाळेतल्या मुलाने पाहावं तसं.

“काय सांगू त्यांना?”

बुवांनी फोन उचलून त्याच्या हातात दिला आणि समई पुन्हा पुढे ओढली.

“‘क्लीन नको’ लिहायचं तुझ्या बोटांना कुणी सांगितलं होतं आणि तिला का नाही, तेवढं सांग.”