वीतभर जास्तीची तार

एकदा एका डोंगरी तालुक्यातील रुग्णवाहिकेचे इंजिन बदलले. नव्या इंजिनाचे सेन्सर आणि डिझेलचा फवारा सोडणारे इंजेक्टर दुसऱ्या अंगाला होते. जुन्या तारा तिथवर पोहोचेनात. गाडी एका वृद्ध वायरमनकडे आली. सारे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांनी हे काम आपल्या शिष्येवर, पदविका घेऊन आलेल्या केतकीवर सोपवले.

घाटावरच्या पाड्यात एक गर्भवती होती. पोटात मूल आडवे होते. संध्याकाळी सहाच्या आत तिला खाली आणा, असे डॉक्टरांनी बजावले होते, आणि त्या घाटात दुसरी गाडी नव्हती.

दुपारी बारापर्यंत केतकीने प्रत्येक तार जोडून वाढवली, नेमक्या मापाने ताणून इंजिनापर्यंत नेली, वर काळी टेप गुंडाळली. एकही तार लोंबत नव्हती. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली.

"पोरी, लग्नात माझा भांगसुद्धा एवढा सरळ नव्हता!" चालक दौलतमामा म्हणाला.

वस्तादांनी गाडी बंद करायला लावली. पकड उचलली आणि इंजेक्टरच्या तारा एकामागून एक कापून टाकल्या.

"वस्ताद!" केतकी ओरडली. "चालू गाडी तोडलीत! तिकडे ती बाई वाट बघतेय."

"म्हणूनच तोडली."

त्यांनी शिवणाचा दोरा घेतला. एक टोक गाडीच्या पत्र्याला, दुसरे इंजिनाला, असा ताणून बांधला. शेजारी दुसरा दोरा बांधला, पण झोळ ठेवून.

"दौलत, मार सेल्फ."

तारा तुटलेल्या असल्याने गाडी सुरू होणार नव्हतीच. पण इंजिनाने असा हिसका दिला की ताणलेला दोरा तटकन तुटला. दुसरा नुसता झुलला.

वस्ताद म्हणाले, "पत्रा जागचा हलत नाही. इंजिन रबरावर बसलंय, ते हलणारच. घाटात तर गदागदा हलेल. तू तार कापलीस ती उभ्या गाडीच्या मापाने. काम देखणं आहे तुझं, पण ते बघणाऱ्यासाठी. चालणाऱ्यासाठी वीतभर जास्त दे. आणि ती जास्तीची तार अशी बांध की कशाला घासणार नाही. मी त्याला नीटनेटकं म्हणतो."

"हे तोंडानं सांगता आलं असतं."

"तू म्हणाली असतीस, टेप घट्ट आहे की!"

केतकी अगदी हेच म्हणाली असती.

मग ती कामाला लागली. ज्या रंगाची तार, त्याच रंगाचा तुकडा. दोन सांधे एका जागी येऊ दिले नाहीत. पत्र्याशी एक क्लिप, इंजिनाशी एक, मधे सैल वळसा. वस्तादांनी बोटही लावले नाही. साडेतीनला ती स्वतः दौलतमामाशेजारी जाऊन बसली.

चढावर इंजिन असे थरथरले की तिचे दात वाजले. पण एक ठोका चुकला नाही. जाताना नाही, त्या बाईला घेऊन उतरतानाही नाही. पावणेसहाला गाडी रुग्णालयाच्या दारात उभी होती.

तासाभराने वस्तादांचा फोन वाजला.

"वस्ताद, मुलगी झाली! दोघी सुखरूप!"

"आणि तार?"

"झुलतेय!" केतकी ओरडली, आणि पलीकडे दौलतमामाने शांतता क्षेत्रात खुशाल भोंगा वाजवला.

उभ्या माणसाचे माप घेऊन नियम शिवणाऱ्यांनो, एकदा त्याला चालायला लावून पाहा.