नऊ मजल्यांची उतरण

विमानवाहतूक खात्यातले धुरंधर साहेब कुणाचं ऐकत नसत. विमान पायरीपायरीनं उतरवायचं, दर पायरीला थोडा वेळ सपाट उडवायचं, हा त्यांनीच घालून दिलेला नियम. वैजयंता खरातनं तीन वर्षं खपून नवं गणित मांडलं. नेमक्या जागेवरून उतरायला लागलं, तर विमान एका सलग उतारावरून, फारसं इंधन न जाळता धावपट्टीवर येतं. साहेबांनी न वाचताच फाईल मिटली.

"बाई, पायऱ्यांमुळे शिस्त राहते. उद्यापासून तुम्ही जुन्या नोंदी लावायला बसा."

जेवणाची वेळ झाली होती. नवव्या मजल्यावर दोघं लिफ्टमध्ये शिरले. वैजयंतानं सगळ्या मजल्यांची बटणं दाबून टाकली.

आठव्यावर दार उघडलं. बाहेर कुणी नाही. सातव्यावर तेच. सहाव्यावर साहेबांच्या पोटात कावळे ओरडू लागले. पाचव्यावर साहेब स्वतःच ओरडले.

"काय पोरखेळ लावलाय! सरळ खाली जायचं सोडून मजल्यामजल्याला थांबायचं? वेळ फुकट, वीज फुकट, डोक्याला ताप वेगळाच!"

वैजयंतानं फाईल उघडली, पेन पुढे केलं.

"साहेब, मला हेच लिहायला चाळीस पानं लागली. तुम्ही चार मजल्यांत सांगितलंत."

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांना असं हसू फुटलं, की चष्मा नाकावरून घसरला. चौथ्यावर दार उघडलं, तेव्हा फाईल त्यांच्या हातात होती. तिसऱ्यावर त्यांनी सही केली, दुसऱ्यावर तारीख घातली.

तेव्हापासून लिफ्टचं बटण साहेब स्वतः दाबतात. एकच.