मागच्या कप्प्यातलं शेवाळ

समुद्र पहिल्यांदा काचेच्या पेटीत राहायला आला, तेव्हाची ही गोष्ट. दमयंतीताईंच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा पुण्य म्हणून त्या पेटीतल्या माशांना चिमूटभर दाणे घाली. उरलेले दाणे तळाशी कुजले, पाण्यात फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, साचलं आणि पेटीतल्या पोवळ्याच्या अंगावर तपकिरी शेवाळाचा लेप चढला. पोवळ्याची वाढच थांबली.

ताईंनी पाहुण्यांची चिमूट बंद केली आणि पेटीचं पाणी ज्यातून फिरे त्या मागच्या कप्प्यात हिरव्या शेवाळाचा गुंता सोडला.

"तुझ्याच भावकीने माझा जीव घेतलाय!" पोवळं कडाडलं. "तू कशाला आलंस?"

"जेवायला," शेवाळ म्हणालं. "पाण्यात जास्तीचं असेल ते मला वाढा."

दर रविवारी ताई वाढलेलं शेवाळ मूठभर उपटून टाकत. खाद्य तुटल्याने पोवळ्यावरचा लेप विरत गेला. एका रविवारी पोवळ्याची शेकडो केशरी तोंडं एकदम उघडली. ताई हात जोडून बघतच राहिल्या. मग नेहमीसारखा त्यांचा हात मागच्या कप्प्यात गेला.

"अहो, थांबा! त्याला नका टाकू!" पोवळं ओरडलं.

ताईंच्या मुठीतून शेवाळ म्हणालं, "मला आत ठेवलं तर मी इथेच कुजेन आणि खाल्लेलं सगळं तुझ्या पाण्यात परत येईल. ते पोटात घेऊन बाहेर जायचं, एवढंच तर माझं काम."