दहापैकी दोन गुण

ओढ्याच्या दोन काठांवर वसलेल्या एका गावात एक गुरुजी होते. सातवीच्या मुलांचे निबंध तपासण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. चुका मोजायच्या, तेवढे गुण कापायचे, वही मिटायची. वर्गाच्या सगळ्या वह्या ते एका बैठकीत हातावेगळ्या करत आणि याचा त्यांना मनातून अभिमान होता.

एकदा त्यांनी ‘माझी शाळेची वाट’ हा विषय दिला. एका मुलाने पक्ष्यांची किलबिल, कोवळी किरणे, हिरवे गालिचे असे सगळे सुबक अक्षरात लिहिले. त्याच्या वाटेवर गालिचा सोडाच, धड गवतही नव्हते. पण चूक एकच निघाली, म्हणून त्याला नऊ गुण मिळाले.

मंजुळा नावाच्या मुलीची वही मात्र लाल शाईने भरून गेली. गुरुजींनी तिला दहापैकी दोन गुण दिले, खाली ‘लक्ष देऊन लिहावे’ असा शेरा मारला आणि पुढची वही ओढली.

पंधरवडा उलटला. एका सकाळी मुले शाळेत येत असताना ओढ्यावरच्या साकवाची मधली फळी मोडली आणि दुसरीतली बनी खाली खडकावर आपटली. वैद्यांनी जीव वाचवला, पण तिचा उजवा पाय कायमचा अधू झाला.

त्या दिवसापासून मंजुळा वर्गात बोलेनाशी झाली. गुरुजींनी तिला जवळ बोलावून कारण विचारले.

“गुरुजी, मी फळीचं निबंधात लिहिलं होतं,” ती खाली मानेने म्हणाली.

गुरुजींनी तिची वही मागून घेतली. चुकांसकट तिथे लिहिले होते, “मी पाण्याला ऊतरते तेव्हा साकव खालुन बघते. मधली फळी कुजली आहे. वरुन दीसत नाही. म्हणुन मी बनीला आणी बाकी लहान मुलांना ऊचलुन पलिकडे नेते.” ‘दीसत’ या शब्दाभोवती त्यांनी स्वतः लाल गोल केला होता.

“मग त्या दिवशी उचललं नाहीस?” त्यांनी हळूच विचारले.

“दोनच गुण मिळाले ना, गुरुजी. मला वाटलं, मी लिहिलं ते सगळंच चुकलंय. फळी चांगलीच असणार. मग मी उचलायचं सोडून दिलं.”

गुरुजींनी वही मिटून आपल्या पिशवीत ठेवली.

संध्याकाळी चावडीवर गाव जमले. फळी कुजल्याचे कोणाला ठाऊक होते का, असे पाटलांनी विचारले. वही गुरुजींच्या पिशवीत होती. ती तिथेच राहिली असती तर कोणाला काही कळले नसते, कारण मंजुळा चारचौघांत तोंड उघडणारी नव्हती. इतक्या वर्षांचे कमावलेले नाव गुरुजींच्या डोळ्यांसमोर आले. मग बापाच्या मांडीवर बसलेल्या बनीकडे त्यांची नजर गेली आणि ते उठले.

“मंजुळानं मला हे लिहून कळवलं होतं,” ते म्हणाले. “मी चुका मोजल्या. वाचलं नाही.”

त्यांनी तो निबंध मोठ्याने वाचून दाखवला. बनीचा बाप लेकीला उचलून घरी गेला. त्याने गुरुजींना कधी दोष दिला नाही, पण पूर्वीसारखा रामरामही पुन्हा केला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी भर वर्गात मंजुळाची माफी मागितली. मग तिच्याशेजारी बसून तो निबंध एकेक शब्द दुरुस्त करत तिच्याकडून पुन्हा लिहून घेतला. एवढे मोलाचे सांगणे नीट लिहिलेले असावे, असे त्यांनी तिला समजावले. त्यानंतर कुठलीही वही ते आधी लेखणी बाजूला ठेवून वाचत. मुलाने काय सांगितले, ते एका ओळीत खाली लिहीत. चुकांचा नंबर त्यानंतर लागे.

मंजुळाला मात्र पुन्हा मनातले लिहायला एक वर्ष लागले.

तात्पर्य: चुका दाखवणे हे तपासणाऱ्याचे काम आहेच, पण मुलाने काय सांगितले ते ऐकल्याशिवाय ते काम सुरूच होत नाही.