न मोडलेली घडी

एकदा एक निवृत्त साहेब गोधडी शिवायला शिकायचं म्हणून एका म्हातारीच्या अंगणात पोतं अंथरून बसला. हसू नका. गावाने आधीच पोटभर हसून घेतलेलं आहे.

साहेबाचं नाव पुरुषोत्तम. सरकारी कचेरीत तीस वर्षं त्याने सह्या केल्या, आणि एकेका सहीसाठी लोकांना चार-चार चकरा मारायला लावल्या. आता सुईच्या नेढ्यात दोरा ओवण्यासाठी तो स्वतः सात-सात वेळा वाकत होता. ईश्वराकडे न्याय आहे, फक्त तो टपालाने येतो, म्हणून उशीर लागतो.

म्हातारीचं नाव ठकूबाई. तिला अक्षर येत नव्हतं, पण गावात कुणाचंही लेकरू पहिल्यांदा निजलं ते तिच्या हातच्या गोधडीवर. पुरुषोत्तमाची आई येसूबाई ही तिची शेजारीण आणि चाळीस वर्षांची भांडणातली जोडीदारीण. दोघींच्या परसांमधलं कुंपण मोडलेलं होतं. ते मुद्दामच कुणी दुरुस्त केलं नव्हतं. येसूबाई गेल्या फाल्गुनात वारली. त्यानंतर पुरुषोत्तम निवृत्त झाला आणि बायको नलिनीला घेऊन गावच्या घरात राहायला आला. नोकरी लागल्यापासून ज्या घरी तो चार तासांवर थांबला नाही, तिथे आता अख्खा हिवाळा बसून होता.

सुई हातात धरण्याचं कारण त्याची लेक, मृणाल. ती बाळंतपणासाठी माघात येणार होती. त्यांच्या घरची रीत अशी की तान्ह्या बाळाला नव्या कापडावर निजवायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं जुनेर, म्हणजे नेसून नेसून मऊ पडलेलं पातळ, त्याची गोधडी करायची आणि तिच्यावर निजवायचं. मृणालने फोनवर सांगितलं होतं, "बाबा, बाकी काही नको मला. आजीच्या जुनेराची गोधडी तेवढी हवी." पुरुषोत्तमाने शब्द दिला, इतकंच नव्हे तर ती मी स्वतः शिवेन असंही म्हणून बसला. आईसाठी हाताने काही केल्याचं त्याला आठवत नव्हतं. निदान तिच्या पणतवंडासाठी करावं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

पौषातलं कोवळं ऊन. एकीकडे मेथीचा वाफा, दुसरीकडे वांगी, मागे येसूबाईच्या परसातला वालाचा मांडव पांढऱ्या फुलांनी भरलेला. ठकूबाईने दहा दिवस त्याला पोत्यावरच टाके घालायला लावले. रोज संध्याकाळी ती सगळा दोरा ओढून काढी आणि म्हणे की, हा टाका निघाला होता सासवडाला आणि पोचला बाजारात. नलिनी मेथी खुडता खुडता भर घाली. सदऱ्याचं बटण तुटलं तर हे सदरा बदलायचे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. पुरुषोत्तम निमूट ऐकून घेई. शिष्याने एवढं सोसायचंच असतं, आणि नवऱ्याने त्याहून थोडं अधिक.

अकराव्या दिवशी ठकूबाई म्हणाली, आता येसूची पातळं आण.

तो मोठ्या तोऱ्यात आईची ट्रंक उचलून घेऊन आला. आत अकरा पातळं होती. दर दिवाळीला एक याप्रमाणे त्याने शहरातून पाठवलेली. जांभळं, आंबा रंगाचं, पोपटी, सगळी घडीची घडी, दुकानातल्या कागदासकट. ठकूबाईने एकेक नाकाशी धरलं. डांबरगोळ्यांच्या वासाने तिला शिंक आली.

"ह्यात येसू कुठंय?" तिने विचारलं.

"सगळी तिचीच आहेत, मावशी."

"तिची आहेत, पण तिला लागलेली नाहीत. ती नेसायची ती कुठं गेली? निळं, ठिकठिकाणी रफू केलेलं? आणि ते तपकिरी?"

पुरुषोत्तमाने ट्रंकेचं झाकण लावलं. मग सांगायला लागला, पण आवाज कचेरीतला राहिला नव्हता. तेरावं झाल्यावर त्याने घर आवरलं होतं. दारावर बोहारीण आली. विटकी, विरलेली पातळं कशाला ठेवायची म्हणून त्याने सगळा गठ्ठा तिच्यापुढे टाकला आणि त्यावर झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. ती लहान डबा देत होती. याने हुज्जत घालून मोठा मिळवला. नवी कोरी तेवढी आठवण म्हणून जपून ठेवली. त्या डब्यात आता शेंगदाणे होते.

ठकूबाईने सुई पोत्यात खोचली आणि त्या दिवसाची शिकवणी तिथेच उठवली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अकरांतलं सर्वांत भारी, जरीच्या काठाचं जांभळं पातळ मागून घेतलं. त्याला वाटलं, म्हातारीने काही युक्ती काढली. ती वालाच्या मांडवाखाली गेली, पातळाची घडी झटकली, कडेला दाताने चीर दिली आणि चर्र करून पट्टी फाडली. मग दुसरी. मग तिसरी. मांडवाच्या काठ्यांना वेल बांधलेल्या जुन्या चिंध्या होत्या, उन्हा-दवाने रंग उडालेल्या. त्या एकेक सोडून तिने आपल्या ओच्यात टाकल्या, आणि जरीच्या पट्ट्यांनी वेल पुन्हा बांधत सुटली. वालाच्या वेलाचं असं थाटाचं लग्न त्या गावात पूर्वी लागलं नव्हतं.

पुरुषोत्तम धावत आला. "मावशी, काय करतेस? आईची आठवण आहे ती."

"आठवण?" ठकूबाईने हातातली गाठ पक्की केली. "पुशा, तू फोनवर विचारायचास, आई, नेसलीस का? ती काय सांगायची?"

त्याला चांगलं आठवत होतं. ती म्हणायची, तू आलास की तुझ्यासमोर घडी मोडते. तो हे कचेरीत मित्रांना सांगून हसायचा. आमची म्हातारी भारी चिकट, घडी मोडायलासुद्धा मुहूर्त बघते.

ठकूबाई वेलाकडे पाहतच बोलली. "नवं पातळ सकाळी न्हाऊन, पदराला कुंकू लावून नेसायचं, आणि ज्यानं दिलं त्यानं बघायचं. तू येणार कळलं की ती एक काढून खाटेवर ठेवायची. तू यायचास बाराला. गाडी आधी रस्त्याकडे तोंड फिरवून उभी करायचास, मग आत यायचास. चारला गेलेला असायचास. ती पातळ परत ट्रंकेत घालायची आणि मला म्हणायची, पुढल्या खेपेला राहील गं एक रात्र. अकरा वर्षं तू राहिला नाहीस आणि तिनं घडी मोडली नाही. ऊब कापडात नसते रे. कापड माणसापाशी राहिलं तर त्याला लागते. हे राहिलं नाही, तूही राहिला नाहीस. मग गोधडीत भरायचं काय?"

मराठीत कापडाचीही घडी असते आणि काळाचीही. जन्मभर मराठीत शेरे मारणाऱ्या साहेबाला हा श्लेष साठाव्या वर्षी, एका निरक्षर बाईकडून, वालाच्या मांडवाखाली कळला. तो तिथेच वाफ्याच्या बांधावर बसला.  जिच्याकडे मागायची तिच्यापर्यंत माफी आता कुठल्याही टपालाने पोचणार नव्हती.

मग ठकूबाईने ओचा त्याच्यापुढे मोकळा केला. सोडलेल्या चिंध्या होत्या. एकीवर अजून निळ्याची छटा होती आणि तिच्या टोकाला रफूचे बारीक टाके.

"येसूनं बांधलेल्या," ती म्हणाली. "ह्या साली वेल मी लावला, पण चढवला काठ्यांवरच्या तिच्याच जुन्या गाठींत. एवढ्याच तुझ्या बोहारणीला दिसल्या नाहीत."

त्या धुऊन, जोडून पाहिल्या. कितीही ताणल्या तरी तळहाताएवढा एक चौकोन झाला, त्याहून तसूभर मोठा नाही. बाळाची पाठ टेकते तिथे, गोधडीच्या पोटात, तो ठेवायचा असं ठरलं. बाकीचं पोट ठकूबाईच्या आणि नलिनीच्या जुनेरांनी भरलं. मृणालला हवी होती ती गोधडी होणार नव्हती. होणार होती ती वेगळी. आणि तसं लेकीला पुरुषोत्तमाने फोनवर स्वतःच सांगितलं, डब्याचंही सांगितलं. पलीकडे तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी आले की सव्वा महिना राहणार आहे. तुम्ही घरीच असाल ना?"

उरलेल्या दहा पातळांचं काय करायचं, हे त्याने ठकूबाईला विचारलं नाही. संक्रांतीच्या सकाळी नलिनी न्हाऊन आली तेव्हा आंबा रंगाचं पातळ खाटेवर होतं, पदराला कुंकू लावलेलं. तिने ते उचललं.  नेसली, आणि तशीच मेथीच्या वाफ्यात जाऊन बसली. पुरुषोत्तमाने कामातून वर पाहिलं. तिच्या गुडघ्यापाशी ओला चिखल लागत होता. डाग पडेल, असं सांगायला तो सवयीने अर्धा उठला, आणि पुन्हा खाली बसला. पडू दे. त्या पातळाला जुनेर व्हायला अजून पुष्कळ सकाळी लागणार होत्या.

मग त्याने सुई घेतली आणि चिंध्यांच्या त्या चौकोनाभोवती टाके घालू लागला. टाके वाकडेच येत होते. त्या दिवशी ठकूबाईने दोरा ओढला नाही.

ज्यांनी कुणाला नवं कापड पाठवलं असेल, त्यांनी एकदा तिथे मुक्कामाला जावं. आणि पोचल्यावर गाडीचं तोंड घराकडे ठेवावं.